बाटलीवरचा आकडा

व्यालेली मेंढी कोकराशी घशातल्या घशात, तोंड न उघडता बोलते. एरवी ती हा आवाज काढत नाही. पहाटे वाड्यात शिरले की मी तोच ऐकत उभी राहते. त्या दिवशी तिळं झालं होतं. दोन कोकरं कासेला लुचत होती, तिसरं कुडाच्या कडेला पडलेलं हाताला लागलं. तोंडात बोट घातलं तर जीभ गार, चोखायची हालचाल नाही. बोलणारा थर्मामीटर छत्तीस म्हणाला. धडधाकट कोकराचं ३९ ते ४० भरतं.

मदतीला असणारा मुलगा लगेच म्हणाला, "ताई, शेकायला नेतो." मी थांबवलं. नाळ वाळत आली होती, पोट खपाटीला गेलं होतं. जन्मून पाच तास तरी उलटले असणार. एवढ्या वेळात अंगातली चरबी जळून संपते आणि रक्तातली साखर उतरते. असं कोकरू आधी शेकलं तर झटके येऊन मरतं. नळीने चीक पाजायचीही ही वेळ नसते, एवढं गारठलेलं पोट काम करत नाही. आधी पोटाच्या पोकळीत ग्लुकोज, मग ऊब, मग चीक.

डॉक्टरांना फोन केला. ते दुपारी येणार होते. "तुम्ही सुई लावू नका, तुम्हाला दिसत नाही. नुसतं गरम ठेवा." याचा राग अजून गेलेला नाही. हे इंजेक्शन बोटांच्या मापाने देतात. पुढचे पाय धरून कोकरू लोंबतं ठेवायचं. नाळेपासून एक इंच खाली, अर्धा इंच बाजूला, सुईचं टोक शेपटीकडे तिरकं, पंचेचाळीस अंशांत. यात डोळ्यांचं काम कुठे आहे? मेंढीची अंगलटसुद्धा डोळस माणसं कमरेच्या मणक्यांवर हात दाबूनच ठरवतात, कारण लोकर नजरेला फसवते.

माझी अडचण दुसरीच होती. डेक्स्ट्रोजची, म्हणजे ग्लुकोजचीच, आणि कॅल्शियमची बाटली हाताला एकसारखी लागते. म्हणून मी डेक्स्ट्रोजला एक रबरबँड लावते, कॅल्शियमला दोन. पण ही बाटली नवी होती, आणि आकडा कागदावर छापलेला. मोबाईल लेबलं वाचून दाखवतो, पण गोल बाटलीवरच्या बारीक अक्षरांत अडखळतो. मुलाने वाचलं, "डेक्स्ट्रोज." किती टक्के? "पन्नास." द्यायचं असतं वीस टक्क्यांचं, किलोला दहा मिली. कोकरू तीन किलोंचं, म्हणजे एकूण तीस मिली: बारा मिली औषधात अठरा मिली उकळून कोमट केलेलं पाणी. सिरिंजच्या दांड्यावर मी कानशीने खाचा पाडून घेतल्या आहेत. नखाने मोजून भरलं आणि दिलं.

मग गरम हवेच्या पेटीत ठेवलं. अंग तापलं, त्याने मान धरली, तेव्हा आईचा चीक काढून दीडशे मिली नळीने पाजला. नळी आत गेली की मानेवर बोटं फिरवायची. कड्याकड्यांची श्वासनळी आणि तिच्या शेजारी आपली नळी, अशा दोन वेगळ्या लागल्या तरच चीक सोडायचा. एकच लागली तर नळी श्वासनळीत गेलेली असू शकते.

आईने मात्र त्याला परत घेतलं नाही. हुंगलं आणि ढुशी मारली. तेव्हापासून ते बाटलीवर आहे. उभं राहून, मान वर करून पितं.

दुपारी डॉक्टर आले, कोकरू तपासलं, "बरोबर केलंत," म्हणाले, आणि पुढच्या पाजण्याच्या वेळा त्या मुलाला समजावून सांगितल्या. मी कोकरू मांडीवर घेऊन तिथेच बसले होते. मुलगा गुणी आहे, त्याने वेळा मला पुन्हा सांगितल्या. पण पहाटे तो नसता तर त्या बाटलीत वीस टक्के आहे की पन्नास, हे मला कुठूनही कळलं नसतं. झाकणावर दोन उठावदार ठिपके पाडायला औषध बनवणाऱ्यांना असा काय त्रास पडतो? डॉक्टरांना मी हेच विचारलं. ते म्हणाले, "तुमच्यासारखे किती असणार?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही.