पालच्या नाल्यातलं ‘चांदी अस्वल’

जळगाव जिल्ह्यातलं रावेर सोडलं की दोन्ही अंगांना केळीच केळी. उत्तरेकडे सातपुडा चढू लागला की ती हिरवी भिंत तुटते आणि साग, सालई, अंजनाचं कोरडं रान सुरू होतं. डिसेंबर होता. मुक्काम यावल अभयारण्यातल्या पाल गावात. हे अभयारण्य 1969 सालचं, जेमतेम 177 चौरस किलोमीटरचं. वाघाच्या आशेने येणारे इकडे फारसे वळत नाहीत, हे मला बरंच वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्याच्या काठी एक वारूळ कुणीतरी बुडापासून फोडलेलं दिसलं. शेजारच्या ओल्या गाळात ठसे होते. पाच बोटं, आणि बोटांपासून चांगलंच पुढे नखांची टोकं. मी म्हटलं, साळिंदर. सोबतच्या तडवी काकांनी मान हलवली. ‘‘काटा कुठं पडलाय? चांदी अस्वल आहे, भाऊ. काही लोक बिज्जू म्हणतात. कबर उकरतो म्हणून आजी आम्हाला त्याचीच भीती घालायची.’’

म्हणजे रॅटेल, मधखाऊ बॅजर. पाठ पांढुरकी, पोट काळं, कानाच्या जागी नुसती कातडीची कड. पुढच्या पायांची नखं चार सेंटिमीटरपर्यंत. कातडी इतकी सैल की मानगूट धरली तरी हा आतल्या आत वळून धरणाऱ्यालाच चावतो. नागाचं विष मज्जातंतूंवर जिथे चिकटतं, त्या जागेची घडणच याच्यात जराशी बदललेली आहे. म्हणून नागही याच्या जेवणात असतो.

पण मला खरी गंमत नावात वाटली. हा अस्वल नव्हे. आणि बिज्जू हे नाव उदमांजरालाही चिकटलेलं. गावकऱ्यांचा घोळ म्हणावा, तर मोठमोठ्यांनी तोच केलाय. सजीवांना शास्त्रीय नावं द्यायची रीत घालून देणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये युरोपातल्या बॅजरला नाव दिलं ‘उर्सस मेलेस’, म्हणजे सरळ अस्वलांत बसवलं. पुढे श्रेबर या जर्मन निसर्गअभ्यासकाने केप ऑफ गुड होपहून आलेलं रॅटेलचं कातडं पाहिलं आणि त्याला ‘व्हिव्हेरा’त, म्हणजे उदमांजरांच्या गोतात टाकलं! काकांची आजी आणि हे दोघे एका ओळीत.

खरं घराणं मुस्टेलिडी, पाणमांजराचं. त्यातही रॅटेलची चूल वेगळी: मेलिव्होरिनी या उपकुळात तो एकटाच. युरोपातला बॅजर दुसऱ्या उपकुळात, अमेरिकेतला तिसऱ्या. इंडोनेशिया-फिलिपिन्सकडचे दुर्गंधी बॅजर तर आता स्कंकांच्या, म्हणजे घाण वासाचा फवारा मारणाऱ्या प्राण्यांच्या, कुळात गेलेत. काकांना हे सांगायचं कसं? म्हटलं, इकडे दर दुसरा माणूस पाटील, म्हणून सगळे एकमेकांचे भाऊबंद का? बॅजर हे तसंच. जमीन उकरायची, दणकट नखं, ठेंगणं अंग, की झाला बॅजर. ‘‘म्हणजे कूळ नाही, हुद्दा,’’ काका म्हणाले. मला इतकं नेमकं सुचलं नसतं.

संध्याकाळी वारुळापासून दूर, वाऱ्याची दिशा बघून दोन तास बसलो. एक रातवा ओरडत राहिला. बाकी काही नाही. रात्री बामणोदच्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी. थंडीत त्यावर मी तरी काही बोलत नाही.

निघताना नाक्यावरच्या वहीत ‘दिसलेले प्राणी’ या रकान्यात लिहिलं: चांदी अस्वल, फक्त ठसे. पहारेकऱ्याने वही फिरवून वाचली आणि डोळे मोठे केले. ‘‘अस्वल? कुठल्या नाल्यात?’’