बाईजींचा ‘ळ’

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेच्या संपादकांचा निरोप आला की ज्यांची मातृभाषा हिंदी नाही त्यांनी आपापल्या भाषेत लिहावं, छापायची सोय होईल. वाचून मला हसू आलं. १९६९ ते १९७८ अशी नऊ वर्षं मी जोधपूरच्या या शाळेत काढली आणि त्या नऊ वर्षांत मराठीची एक ओळ लिहिली नाही. एकदा चुकून लिहिली, तीही एकाच शब्दापुरती. तिसरीत हिंदीच्या श्रुतलेखनात ‘कमल’च्या जागी ‘कमळ’ लिहिलं. सरांनी वही वर धरून अख्ख्या वर्गाला दाखवली. “यह कौन-सी जलेबी बना दी?” वर्ग हसला, मीही हसलो. घरी येऊन रडलो.

त्यात माझं घरचं नाव बाळ. आई मला न्यायला फाटकाशी यायची आणि “बाळ, ए बाळ!” अशी हाक मारायची. पोरांनी ते उचललं, पण शाळेतल्या हिंदीत ळ कुणी काढेना. त्याचं झालं ‘बाल’, म्हणजे केस. नवीन पोरगा आला की त्याला सांगायचे, “इसकी मम्मी इसको बाल बोलती है.” दहावीपर्यंत मी केसच होतो. आता डोक्यावर एकही उरलेला नाही, हे त्या वेळच्या मित्रांना मुद्दाम कळवतो.

वडील साताऱ्याकडचे, पुण्याच्या शेती कॉलेजातून शिकलेले. ‘काझरी’त, म्हणजे वाळवंटी शेतीवर संशोधन करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेत त्यांना नोकरी लागली आणि आम्ही निघालो. अहमदाबादला मोठी गाडी सोडून मीटर गेजच्या डब्यात बसलो, मारवाड जंक्शनला परत उतरून परत बसलो. आई सावंतवाडीची. तिच्या माहेरी पाऊस सुरू झाला की चार महिने कपडे वाळत नाहीत. वर्षाला तीनशे सेंटिमीटरच्या वर पडतो. जोधपुरात पस्तीस-छत्तीस पडला तर वर्ष चांगलं. फिरकीच्या तांब्यात माहेरच्या विहिरीचं पाणी ती जपून आणत होती. जोधपूरच्या फलाटावर मी ते उरलेलं पाणी पायावर ओतलं, पाय गरम झाले होते म्हणून. आई काही बोलली नाही. शेजारचा हमाल मात्र माझ्याकडे अशा नजरेनं बघत होता की ती अजून आठवते.

किल्ला, निळी घरं, घंटाघर हे सगळं आता मोबाइलवर रोज दिसतं, त्यामुळे त्यावर शाई खर्च करत नाही. जे दिसत नाही ते सांगतो. छपरं दगडाच्या लांब पट्ट्यांची असत, आणि उन्हाळ्यात संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडलं की त्या पट्ट्यांतून चर्र असा आवाज येई, पाठोपाठ भाजल्या मातीचा वास. शिंपायचं पाणी म्हणजे भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं. चांगलं पाणी गच्चीवर टाकणाऱ्या घराशी सोयरीक कोण करील? मग त्यावर सतरंज्या, आणि नऊ वाजेपर्यंत दगड असा गार की चादर लागे.

उन्हाळ्यात शाळा सकाळची. तरी आंधी वेळ बघून थोडीच येते. पश्चिमेकडे आभाळ आधी पिवळं, मग तांबूस, मग काळं व्हायचं, सर फळ्यावरून मागे वळून “खिड़की!” म्हणेपर्यंत पहिल्या बाकावरची मुलं दिसेनाशी झालेली असत. दातांत किरकिर, वहीत वाळू, कंपासपेटीत वाळू. घरी आल्यावर आई खिडक्यांच्या कडांवरची वाळू सुपानं भरायची. पहिल्या वर्षी तिनं मोजलं होतं, एका वादळाला अर्धी बादली.

पाऊस पडला की मात्र शाळा सुटायची. खरोखर. घंटा व्हायची, मास्तर लोकसुद्धा मैदानात. मी भिजून घरी सांगितलं, पावसाची सुट्टी मिळाली. आई भाकरी थापता थापता थांबली. “पावसाक कोण सुट्टी दिता?” असं चुलीलाच विचारल्यासारखं बोलली.

आता बाईजी.

आपल्या शाळेत पाण्याची खोली होती, मुख्याध्यापकांच्या खोलीमागे. आत दगडी ओट्यावर ओळीनं मटके, ओल्या फडक्यांनी गुंडाळलेले. त्या जागेला तिकडे परिंडा म्हणतात आणि तिथं चपला घालून कुणी जात नाही. दाराशी बाईजी बसायच्या. हातात लांब दांड्याचं ओगराळं. पोरानं ओंजळ धरायची, त्यांनी वरून धार सोडायची. धार अशी की ओंजळीच्या बाहेर थेंब नाही, आणि पोरगं दम घ्यायला थांबलं की धारही थांबलेली. खाली एक पाटी ठेवलेली असे. सांडलंच तर तिच्यात सांडायचं आणि मधल्या सुट्टीनंतर ते कोपऱ्यातल्या कडुलिंबाला.

आई शाळेत पहिल्यांदा आली ती माझ्या ‘कमळ’चा निकाल लावायला. आपल्याकडे शिक्षिकेला बाई म्हणतात. तिनं शिपायाला तिच्या हिंदीत विचारलं, “बच्चे का बाई किधर है?” शिपाई तिला सरळ पाण्याच्या खोलीशी घेऊन गेला. मी ‘बाल’ ऐकण्याच्या भीतीनं खांबाआड उभा होतो. आईनं बाईजींना पदर सावरून नमस्कार केला आणि माझी वही पुढे केली. बाईजींना अक्षर येत नव्हतं. त्यांनी वही उलटी धरली, सुलटी धरली, परत दिली आणि ओगराळं बुडवलं. तेवढ्यात मी पळायच्या बेतात आहे हे आईनं बघितलं आणि ओरडली, “बाळ! उबो रव!”

बाईजींनी चमकून वर बघितलं. मग माझ्याकडे वळून मोठ्यानं म्हणाल्या, “ऊभो रै, बाळ!”

मी उभा राहिलो. दोघींपैकी कुणाचं ऐकून, ते आता सांगता येणार नाही.

पुढचा पाऊण तास मी ओट्याला टेकून ऐकत होतो. मालवणीतला कांदो मारवाडीतही कांदो. काळो तो काळो. आईनं पाणी म्हटलं तर बाईजीही पाणी म्हणाल्या, शाळेतल्या पुस्तकासारखं ‘पानी’ नाही. दोघी एकेक शब्द काढत होत्या आणि जुळला की बाईजी ओगराळं ओट्यावर टक्कन वाजवत. हिंदीच्या सरांना भेटायचं राहूनच गेलं. घरी आल्यावर आईनं वडिलांना सांगितलं की इथल्या बाया आमच्यासारखं बोलतात. वडील घाटावरचे, त्यांना मालवणीच पुरती कळत नसे. ते म्हणाले, काहीतरीच. पुढे आठवड्यातनं एकदा तरी आई कोकमाची आमटी डब्यात भरून बाईजींना पाठवायची, कोकम संपली की वाळवलेल्या काचरीची, म्हणजे तिकडच्या आंबट रानकाकडीची. काचरी बाईजींनीच दिलेली असे.

आणि त्या दिवसापासून शाळेत मला एक माणूस तरी बाळ म्हणू लागलं. रांगेत माझी पाळी आली की, “आव बाळ. सावळ पी.” सावळ म्हणजे नीट. म्हणजे त्यांच्या रोजच्या बोलण्यात जिलब्याच जिलब्या होत्या.

एक अपराध लिहून टाकतो. चौथीत असताना आंधीनंतर डोकं वाळूनं भरलं होतं, खोलीत कुणी नव्हतं. मी चपलांसकट आत गेलो आणि एक अख्खा मटका डोक्यावर उपडा केला. फार बरं वाटलं. बाईजी आल्या, ओला ओटा बघितला, माझे ओले केस बघितले. मुख्याध्यापकांना काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, “पाणी मोकळो कोनी, बाळ.” मोकळो म्हणजे भरपूर, कोनी म्हणजे नाही. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी त्यांनी मला बादली दिली. मैदानापलीकडच्या टाक्यावरून तो एक मटका भरायला माझे सात हेलपाटे झाले, कारण अर्धं पाणी मी वाटेत सांडत होतो. सांडलेल्या प्रत्येक ठिकाणी त्या बोट दाखवायच्या. अजून मला नळ वाहता ठेवून दात घासता येत नाहीत; बायको याला कंजूषपणा म्हणते.

१९७१ च्या डिसेंबरात शाळा बंद होती. ३ तारखेच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी ज्या विमानतळांवर हल्ला केला त्यांत जोधपूरही होतं. काचांना तपकिरी कागद, वडिलांच्या सायकलच्या दिव्याला काळा कागद, अंगणात नागमोडी खंदक. भोंगा झाला की आई खंदकात रामरक्षा म्हणायची आणि मी आभाळ बघायचो; ब्लॅकआउटमध्ये तिथं जेवढे तारे दिसले तेवढे नंतर कधी दिसले नाहीत. १९७४ च्या मेमध्ये पोखरणला स्फोट झाला, तेव्हा आमच्या गल्लीतल्या प्रत्येकानं जमीन हलल्याचं शपथेवर सांगितलं. मी झोपलो होतो. पण सांगितलं मीही.

इतिहासाच्या तासाला मी एकटा शत्रुपक्ष. १७५५ मध्ये जयाप्पा शिंदे नागौरला मारले गेले, १७९० मध्ये मेडत्याला महादजींच्या फौजेनं राठोडांना हरवलं. हे धडे आले की सगळ्यांच्या माना माझ्याकडे. “तुम लोग चौथ लेने आए थे!” यावर तोडगा म्हणून वर्गानं ठरवलं की चौथ परत घ्यायची. शनिवारी माझ्या डब्याचा चौथा हिस्सा राठोड, भाटी आणि एक जैन मुलगा मिळून खात. पुरणपोळी असली की हिशेब बिघडे आणि मला चौथा हिस्सा उरे. बदल्यात घंटाघरजवळचा मिरची वडा मिळायचा, ब्रेडच्या दोन तुकड्यांत दाबलेला. मराठ्यांच्या पदरात सौदा वाईट पडला नाही.

वडिलांचं काम पोरांना कळावं म्हणून एकदा वर्गाला ‘काझरी’ची सहल मिळाली. वाळूच्या टेकडीवर वाऱ्याला आडव्या, झुडपांच्या काटक्यांच्या ओळी रोवलेल्या होत्या, गुडघाभर उंच. वाळू त्यांना अडते, मग मधल्या पट्ट्यात रोपं धरतात. वडिलांच्या हातात मी पहिल्यांदा कलमाचा डोळा भरण्याचा चाकू बघितला. रानबोरीच्या खोडाला इंग्रजी टी-सारखी चीर दिली, साल अलगद उचलली, आत ‘गोला’ जातीच्या बोराचा डोळा सरकवला आणि पट्टीनं बांधला. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी आपल्या शाळेच्या कुंपणावरच्या बोरडीलाही तसाच डोळा भरला. बोरं सुपारीएवढी यायची ती लिंबाएवढी येऊ लागली. पिकलेलं एकही बोर कुणी खाल्ल्याचं माझ्या माहितीत नाही, हिरवीच संपत. दोषींमध्ये मी होतो.

१९७८ ला वडिलांनी राहुरीच्या कृषी विद्यापीठात नोकरी धरली. निघताना आई बाईजींना भेटली. काय बोलल्या माहीत नाही, मला बाहेर उभं केलं होतं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माझं नाव हिंदी पद्धतीनं ‘बालकृष्ण’ असं आहे. तो दाखला पुढे जिथं जिथं दाखवला तिथं तिथं मी बालकृष्णच झालो, मराठी मुलखातसुद्धा.

या वर्षी महोत्सवाच्या तयारीच्या बैठकीला आलो होतो. पाण्याच्या खोलीत आता स्टीलचा कूलर आहे, त्याला चार नळ. एक ठिबकत होता, मी बंद केला, तो परत ठिबकू लागला. बाईजी जाऊन बरीच वर्षं झाली असं ऑफिसात कळलं. बोरडी नाही, तिथं सायकल स्टँड आहे. कडुलिंब मात्र आहे, दोघांच्या कवेत न मावणारा.

संध्याकाळी भाटीनं दुकानावर नेलं, तोच चौथवाला. आपण होतो तेव्हा शहराची भिस्त जवाई धरणावर आणि कायलाना तलावावर होती. नव्वदच्या दशकात इंदिरा गांधी कालव्याचं पाणी आलं. लोकांनी विहिरी, बावड्या उपसणं सोडलं आणि जमिनीखालचं पाणी वर चढलं. आता जुन्या शहरात कित्येक तळघरांत पाणी भरतं. वाळवंटात तळघरातून पाणी उपसायला पंप लावतात, हे आईला सांगायला हवं होतं. तूरजीचा झालरा, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, तीही बघितली. आपल्या वेळी तिथं घाण पाणी आणि कचरा. आता साफ केलीय, पोरं वरून उड्या मारतात, बघे टाळ्या वाजवतात.

भाटीला तळघरातला माल दाखवायचा होता. मी जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला तोच खालून त्याच्या दुकानातला पोरगा ओरडला, “ऊभा रैवो सा! पग संभाळो, नीचै पाणी मोकळो है.”

मी उभा राहिलो. भाटी मागून विचारत होता, काय झालं, उतरत का नाहीस. मी पोराला म्हटलं, परत एकदा बोल.