तिसऱ्या अंकातली थोबाडीत

आमच्या गोव्यातल्या फोंडा तालुक्यात जत्रेला नाटक हवंच, आणि नाटक विनोदी असलं तर कजाग बायको हवीच. ती भूमिका दरवर्षी फिरून माझ्याकडे येते. आवाज चढा, अंगाने भरलेली, मग दुसरं कोण? मी लाटणं घेऊन धावायचं, नवऱ्याने खाटेखाली शिरायचं. मांडव हसून लोळतो, त्यात बायकाच जास्त.

त्या हशाबद्दल माझी तक्रार नाही. लाटण्याने कुणालाच लागणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. खटकतो तो तिसरा अंक. तिथे तोच बावळट नवरा एकदम ताठ होतो, ‘आता पुरे!’ म्हणतो आणि एक थोबाडीत देतो. इथे हसत नाही कुणी, टाळ्या पडतात. मी डोळे पुसायचे, पदर सावरायचा, चहा आणायचा. पडदा. विनोदी सिनेमेही हेच करत आले आहेत: सगळा सिनेमाभर बाईचा दरारा, आणि शेवटी एका थपडेत संसार रुळावर.

थोबाडीतच्या जोडीला वाक्य ठरलेलं, ‘चालती हो माझ्या घरातून!’ लेखक मुंबई-पुण्याकडचा, त्याला काय माहीत? गोव्यात कौटुंबिक बाबतीत अजून १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता चालते. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर साधारणपणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणजे निम्मी तिची. एकदा तालमीत मी उत्तर दिलं, “अर्धं घर माझं आहे. तुझ्या अर्ध्यात जाऊन ओरड.” सगळे हसले. पण प्रयोगात नको म्हणाले, नाटकाच्या संहितेत नाही. (इतर वेळी नायक वाट्टेल ते पदरचं घालतो.) अर्थात अर्धं घर नावावर आहे म्हणून कुणाचा हात थांबतो असं नाही. म्हणून तर घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा इथेही लागतो.

२०२२ मध्ये दोन सिनेमांनी हा हिशेब उलटा मांडला. ‘डार्लिंग्ज’मध्ये आलिया भट मारकुट्या नवऱ्याला घरातच बांधून ठेवते आणि त्याने दिलेलं त्याला परत देते. तेव्हा समाजमाध्यमांवर बहिष्काराची हाक आली, पुरुषांवरच्या हिंसेला उत्तेजन म्हणे! आमच्या तिसऱ्या अंकावर आजवर कुणी साधा निषेधाचा कागद पाठवलेला नाही.

मल्याळम ‘जय जय जय जय हे’ मी जावेबरोबर पाहिला. त्यातल्या राजेशचा कोंबड्यांचा व्यवसाय, त्याला न्याहारीला इडिअप्पमच (तांदळाच्या उकडलेल्या शेवया) लागतं, आणि राग आला की हात उठतो. जया मोबाईलवर व्हिडिओ बघून गुपचूप मारामारी शिकते आणि एक दिवस त्याला सणसणीत लाथ घालते. जावेला हसून ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाली, “ताका मार न्हय गे, लज लागली.” (त्याला मार नाही गं, लाज लागली.)

अगदी तेच! पुढे तो सुधारत नाही, ती सोडून जाऊ नये म्हणून तिला दिवस राहावेत असा डाव टाकतो. प्रेमाचं नाटक करून, गोड बोलून. लाथेपेक्षा मला हा भाग धारदार वाटला, कारण इथे राजेशची कीव येऊ देत नाहीत आणि हसूही थांबू देत नाहीत. ‘डार्लिंग्ज’ला हे सगळीकडे जमलेलं नाही, मध्ये तो रेंगाळतो.

घरी सासूबाईंसोबत बघणार असाल तर मल्याळमच लावा. ‘डार्लिंग्ज’ त्या झोपल्यावर, शेफाली शाहने केलेल्या आईसाठी.