रिकामा डबा

डोंबिवलीला गेले की चहाचा कप हातात देता देता कुणीतरी विचारतंच, ‘‘तिकडे शेजारीपाजारी येतात का गं घरी? की आपलं दार लावून बसायचं?’’ परवा नात्यातल्या एका मुलीचा फोन आला. नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला नोकरी लागली म्हणून सांगत होती. मी अभिनंदन करतेय तोच म्हणाली, ‘‘मावशी, डच लोक जवळ करतात का हो आपल्याला?’’ मी ‘करतात गं, करतात’ म्हणून मोकळी झाले. फोन ठेवल्यावर वाटलं, हे काही खरं उत्तर नव्हे. तर तुम्ही सगळ्यांनी विचारलंत म्हणून, आता जरा सविस्तर.

आम्ही २०१३ च्या नोव्हेंबरात आम्स्टलवेनला आलो. अ‍ॅमस्टरडॅमला खेटून असलेलं गाव. आता इथे भारतीय इतके झालेत, की कढीपत्ता चालत जाऊन आणता येतो. आमचं घर भिंतीला भिंत लागलेल्या ओळीतलं. पलीकडे सत्तरीच्या एक बाई, एकट्या. ‘मला नावाने हाक मार,’ असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. पण सत्तरीच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. मनातल्या मनात मी त्यांना आजीच म्हणते, इथेही तेच म्हणणार.

तर कुंपणावरून गप्पा झाल्या आणि निघताना मी सवयीने म्हटलं, ‘‘या ना कधीतरी चहाला.’’

आजी थांबल्या. ‘‘कधी?’’

मी म्हटलं, ‘‘कधीही. तुमचंच घर आहे.’’ त्यांना काही कळेना. घर तर त्यांचं पलीकडे होतं! मग त्या आत गेल्या आणि एक छोटी डायरी घेऊन आल्या. तिला आखेंडा म्हणतात, आणि इथे ती शाळकरी पोरांकडेही असते. पानं उलटून म्हणाल्या, ‘‘पुढच्या आठवड्यात नाही जमणार. त्याच्या पुढचा गुरुवार, साडेदहा?’’

चहाला पंधरा दिवसांनंतरची तारीख! मला तो चक्क नकार वाटला. पण त्या गुरुवारी साडेदहाला बेल वाजली. मी पोहे, शिरा, चकल्या असा घाट घातला होता. आजींनी सगळं चाखलं, पोह्यांत पिवळं काय आहे ते विचारलं आणि बाराच्या आत उठल्या. जाताना मी शिरा डब्यात भरून दिला. दुसऱ्या दिवशी डबा आमच्या दाराशी. घासलेला, पुसलेला, रिकामा. सोबत टपालाने पाठवतात तसं आभाराचं कार्ड, तेही भिंतीपलीकडून. कार्ड सुंदर होतं, पण माझं लक्ष डब्याकडे. आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. निदान साखर तरी घालतात.

पुढे त्यांच्याकडे गेले, तेव्हा कॉफीबरोबर बिस्किटांचा डबा उघडला गेला, एक बिस्कीट मला, एक त्यांना आणि टक् करून झाकण बंद. डच बिस्किटाबद्दल ऐकलेलं खरं निघालं. खोटं कशाला बोलू, घरी येऊन नवऱ्याला झाकणाचा आवाज करून दाखवला.

जेवणाचं मात्र मला खरंच लागलं होतं. लेक सहा वर्षांचा. बुधवारी इथे बऱ्याच शाळा दुपारीच सुटतात आणि पोरं एकमेकांकडे खेळायला जातात, अर्थात आधी ठरवून. साडेपाचला त्याच्या मित्राच्या आईचा फोन आला, ‘‘आम्ही आता जेवायला बसतोय.’’ मला वाटलं, पोराला जेवायला ठेवून घेताहेत. मी म्हटलं, ‘‘वा, किती छान!’’ पलीकडे शांतता. मग ती हळूच म्हणाली, ‘‘म्हणजे, तू न्यायला येतेस ना?’’

आमच्याकडे ‘जेवायची वेळ झाली’ याचा अर्थ ‘आता थांबा’. इथे त्याचा अर्थ ‘आता निघा’. सहाला जेवण म्हणजे सहाला जेवण, आणि बटाटे माणशी मोजून उकडलेले. हे समजायला मला वर्ष लागलं. पटलं म्हणाल, तर अजून नाही.

बाकीच्या गोष्टी अंगवळणी पडल्या. ताप घेऊन डॉक्टरकडे गेलं की पॅरासिटमॉल घ्यायचं आणि घरी यायचं. डचमध्ये पाव मागितला की इंग्रजीत उत्तर येतं, तरी आपण डचच रेटायचं. दोघींनी कॉफी प्यायली तर संध्याकाळी तीन युरो वीस सेंटची टिक्की येते. बटाट्याची नव्हे हो. वाटणीचे पैसे मागायचं ॲप आहे, २०१६ पासूनचं. त्यात कुणाला कानकोंडं वाटत नाही.

पण जवळ करतात का, हा प्रश्न राहिलाच.

दुसऱ्या वर्षी आजींनी वाढदिवसाला बोलावलं. इथे दिवाणखान्यात गोल खुर्च्या मांडतात, आणि आत शिरलं की वाढदिवस कुणाचाही असो, सगळ्यांशी हात मिळवून सगळ्यांचंच अभिनंदन करायचं. त्यांच्या बहिणीने माझा हात हातात घेऊन ‘शेजारणीच्या वाढदिवसाबद्दल अभिनंदन’ केलं. माझा काय पराक्रम ते मला समजलं नाही, पण मीही ‘खेफेलिसिटेर्त, खेफेलिसिटेर्त’ करत गोल फिरले.

मध्येच टॉयलेटला गेले. डच घरात वाढदिवसांचं कॅलेंडर तिथे टांगलेलं असतं, बसल्यावर समोर दिसेल असं. त्यात तारखा असतात, वार नसतात. म्हणून एकच कॅलेंडर वर्षानुवर्षं चालतं. आजींचं पिवळं पडलं होतं. ऑगस्टच्या पानावर त्यांच्या नवऱ्याचं नाव होतं, पुढे बारीक क्रूस आणि गेल्याचं साल. नाव खोडलं नव्हतं. मी चोरासारखी पानं उलटत मार्चवर आले. १४ तारखेला निळ्या पेनाने माझं नाव, एक अक्षर चुकवून, आणि खाली लेकाचं. त्याची तारीख आजींनी कधी विचारून घेतली, देव जाणे. बाहेर आले, पण बोलणार काय? टॉयलेटमध्ये काय वाचलं, ते चारचौघांत कसं सांगायचं!

अजूनही दिवाळीच्या सकाळी बेल वाजत नाही, तेव्हा पोटात तुटतं. फराळाचं ताट पोचवायलासुद्धा मी आधी मेसेज करते. ते सलत राहणार. पण त्या मुलीला सांगेन, की पोहोचलीस की एक आखेंडा घे, आणि कुणी ‘कधी?’ विचारलं तर तो नकार समजू नकोस.

डब्याचं सांगायचं राहिलं. तीनेक वर्षांपूर्वी मी हिय्या करून आजींना आमची पद्धत सांगितली. त्यांनी अगदी गंभीरपणे ऐकून घेतलं. ‘‘नेमकं काय घालायचं?’’

‘‘काहीही. रिकामा नको, एवढंच.’’

मागच्या गुरुवारी साबुदाण्याची खिचडी दिली होती. शुक्रवारी सकाळी डबा दाराशी, घासलेला, पुसलेला. आत पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळलेलं बिस्कीट. एकच.