डिस्टिलरीची जनसुनावणी आणि एक गट नंबर

आमच्या गावाशेजारच्या साखर कारखान्यानं मळीपासून अल्कोहोल काढायची डिस्टिलरी उभारायचं ठरवलं, रोज एक लाख लिटरपेक्षा जास्त क्षमतेची. एवढ्या मोठ्या प्रकल्पाला केंद्राची पर्यावरण मंजुरी लागते. त्यासाठी पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल तयार करायचा आणि त्याच्या मसुद्यावर जनसुनावणी घ्यायची, असा नियम. जानेवारी २०२० मधल्या सुनावणीची जाहिरात पेपरात आली तेव्हा आमच्या मामंजींनी कात्रण माझ्यापुढं सरकवलं. "तू केमिस्ट्री शिकवतीस न्हवं? मग बग जरा, काय लिवलंय ते." कोल्हापुरात ज्युनिअर कॉलेजला शिकवते, एवढ्या भांडवलावर ते काम माझ्याकडं आलं.

आमचं घर कारखान्याचं सभासद. ऊस तिथंच जातो, दिवाळीची साखर तिथूनच येते. डिस्टिलरी झाली तर उसाला चार पैसे जास्त मिळतील ही आशा गावात सगळ्यांना होती, आम्हालाही होती. त्यामुळं "वहिनी, तुम्ही कशाला या भानगडीत पडताय?" हे पहिल्या आठवड्यातच ऐकून झालं. मला प्रकल्प अडवायचा नव्हता. काय बांधणार, कुठं बांधणार आणि घाण पाणी कुठं जाणार, हे कळून घ्यायचं होतं.

जाहिरातीपासून सुनावणीपर्यंत किमान ३० दिवस द्यावे लागतात, असं पर्यावरण मंजुरीबद्दलच्या केंद्राच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेत आहे. (तिच्या जागी आणायच्या २०२० च्या नव्या अधिसूचनेच्या मसुद्यात हे ३० चे २० करायचं घाटत होतं. चारशे पानांचा इंग्रजी अहवाल वीस दिवसांत गावानं वाचायचा! त्यावर देशभरातून हरकतींचा पाऊस पडला, ते बरं झालं.) अहवालाच्या प्रती जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, ग्रामपंचायत अशा ठिकाणी लोकांना बघायला ठेवायच्या असतात. मी पहिल्यांदा जिथं गेले तिथं प्रत कपाटात होती आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडं ते साहेब रजेवर. दुसरीकडं मात्र एका क्लार्कबाईंनी टेबल मोकळं करून दिलं, वर चहाही सांगितला. झेरॉक्स मिळणार नाही म्हणाल्या, पण मोबाइलवर फोटो काढायला हरकत घेतली नाही.

मराठीत फक्त सारांश होता, वीसेक पानांचा. हवेवर परिणाम नगण्य, पाण्यावर नगण्य, जमिनीवर नगण्य, रोजगारावर मात्र भरीव. गावातल्या बहुतेकांनी वाचला असेल तर एवढाच वाचला. खरा माल इंग्रजी अहवालात होता आणि त्यातही मागच्या परिशिष्टांत. असा अहवाल कुणाच्या हातात पडला तर माझं सांगणं एकच, पहिली प्रकरणं सोडा. तिथं कंपनीचा इतिहास आणि प्रकल्पाची आरती असते. आधी नमुने कधी घेतले ते बघा, मग नकाशा काढा आणि नमुने कुठं घेतले ते बघा.

आमच्या अहवालात हवा, पाणी, माती सगळ्यांची तपासणी मार्च ते मे २०१९ मधली होती. नियमाप्रमाणं ते चालतं. पावसाळा सोडून कुठल्याही एका हंगामाचे आकडे पुरतात. आता कोल्हापूरकरांना सांगायला नको, पण त्या तीन महिन्यांत पंचगंगा वाहत नाही, साठते. दिवाळीच्या आसपास कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना पाणी अडवायचे बरगे घालतात आणि नदीची तळ्यांची रांग होते. अशा पाण्याचे नमुने घेऊन पावसाळ्याबद्दल काय सांगणार? आणि पावसाळा तर त्याच वर्षी येऊन गेला होता. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. तिथं इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन वाहतूक बंद पडली, होड्या घेऊन लष्कर आणि नौदल आलं, हे सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. अहवाल छापला गेला तो या पुरानंतर. त्यात पुराबद्दल सापडलेलं एकमेव वाक्य असं होतं, की प्रकल्पाच्या जागेला पुराचा इतिहास नाही.

ज्या जागेवर डिस्टिलरी उभी राहणार तिच्यापुरतं ते खरंही होतं, ती माळावर आहे. मुद्दा कंपोस्ट यार्डाचा, म्हणजे खत करायच्या जागेचा होता. मळीच्या डिस्टिलरीत एक लिटर अल्कोहोलमागं साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतो, तपकिरी, आंबट, उग्र वासाचं पाणी. त्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन, दर लिटरला ४० हजार मिलिग्रॅमच्या पुढं असतो. घरातल्या सांडपाण्याचा असतो दोन-तीनशे. हे पाणी आटवून घट्ट करायचं आणि कारखान्याच्या प्रेसमडवर (उसाचा रस गाळून उरलेल्या गाळावर) फवारून खत करायचं, अशी योजना होती. पद्धत जुनी आहे आणि नीट केली तर चांगलीही आहे. पण उघड्यावरचं हे काम पावसात चालत नाही, म्हणूनच अशा डिस्टिलऱ्यांना वर्षाचे २७० दिवसच चालवायची मुभा मिळते. पावसाळ्याआधी यार्डात उरलेलं खत आणि लगूनमधलं, म्हणजे साठवण तळ्यातलं, पाणी तिथंच राहतं. आणि यार्डासाठी दाखवलेली जमीन होती खाली, नदीकडच्या अंगाला. मामंजींना मी गट नंबर वाचून दाखवला तर ते हसायलाच लागले. "तितं गेल्या साली आमी होडीनं गेलोय की!"

बाकी गोष्टी पटापट सांगते. नदीच्या पाण्याचे नमुने प्रकल्पाच्या वरच्या आणि खालच्या बाजूला घ्यायचे असतात, म्हणजे फरक कळतो. अहवालातला 'खालचा' बिंदू मी नकाशावर मांडला, तर कारखान्याकडून येणारा ओढा नदीला मिळतो ते ठिकाण त्याच्याही पुढं निघालं. दोन्ही नमुने ओढ्याच्या वरचेच! मग आकडे सारखे येणार नाहीत तर काय होणार? झाडांच्या यादीत करंज, उंबर, बाभूळ होती आणि त्यांच्यात तिवरही होतं. खारफुटीतलं तिवर, आमच्या उसाच्या पट्ट्यात. कुठल्या तरी किनाऱ्यावरच्या अहवालातून आलेलं असणार. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातला मजकूर उतरवलेला सापडला होता, त्यामानानं आमचं तिवर फार लांबून आलं नव्हतं. पर्यायी जागांचा विचार अर्ध्या पानात उरकला होता आणि तिन्ही पर्याय एकाच कुंपणाच्या आतले.

अहवाल करणाऱ्या संस्थेला पैसे प्रकल्पवालाच देतो. खाल्ल्या मिठाला जागायचं म्हटल्यावर 'नगण्य' हा शब्द किती वेळा येतो याचं मला नंतर आश्चर्य वाटेनासं झालं. पण एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. आता प्रत्येक विषयाच्या तज्ज्ञाचं नाव आणि सही अहवालात असते, म्हणजे तिवर कुणी लिहिलं ते विचारता येतं. आणि त्याच २००६ च्या अधिसूचनेत असंही आहे, की जाणूनबुजून खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती दिली तर अर्ज फेटाळता येतो, दिलेली मंजुरी रद्द करता येते. हे कलम गावातल्या पोरांना वाचून दाखवल्यावर जरा जोर आला.

होडीनं गेलो, हा पुरावा होत नाही. घरांच्या भिंतींवरच्या पुराच्या खुणांचे फोटो आम्ही काढले, पण तेही 'म्हणे' मध्येच जमा होतात. उपाय सुचवला आमच्या शेजारच्या तात्यांनी. पूर ओसरल्यावर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी नुकसानीचे पंचनामे केले होते, भरपाईसाठी. कुणाचा किती ऊस बुडाला, गट नंबरासकट. यार्डासाठी घ्यायच्या जमिनीचा मालक गावातलाच, त्याचाही पंचनामा होता. सरकारच्याच कागदावर, सरकारच्याच सहीनं, तो गट पाण्याखाली होता. त्याला नक्कल द्यायला मन वळवावं लागलं, कारण जमिनीचा व्यवहार अर्धवट होता आणि तो मोडेल अशी त्याला धास्ती. तात्या त्याच्या ओट्यावर सकाळ-संध्याकाळ जाऊन बसले. कसं पटवलं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

लेखी हरकत मी पानवार लिहिली. अमुक पान, अमुक तक्ता, यात हे लिहिलंय, प्रत्यक्षात असं आहे, म्हणून अमुक करावं. 'प्रदूषण होईल, प्रकल्प रद्द करा' असं नुसतं लिहिलं तर उत्तरात 'योग्य ती काळजी घेतली जाईल' येतं आणि विषय संपतो. सुनावणीला येता आलं नाही तरी हरकत लेखी पाठवता येते, तीही नोंदवावी लागते. आम्ही पोच घेऊन आधीच दिली.

सुनावणी कारखान्याच्याच आवारात, मांडव घालून. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांतून माणसं आली होती, नाष्टा होता, पुढच्या रांगा आधीच भरलेल्या. अध्यक्ष अपर जिल्हाधिकारी, शेजारी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी, समोर व्हिडिओ कॅमेरा. एक गोष्ट बहुतेकांना माहीत नव्हती. सुनावणी घेणारे हे अधिकारी प्रकल्पाची पर्यावरण मंजुरी देत किंवा नाकारत नाहीत, फक्त नोंद करून पुढं पाठवतात. त्यामुळं तिथं घोषणा देऊन काही साधत नाही, नोंदीत काय उतरतं त्याला किंमत. पहिला दीड तास उसाची बिलं कधी देणार, आमच्या पोरांना नोकऱ्या देणार का आणि रस्ता कधी करणार यात गेला. लोकांना बोलायला जागाच कुठं मिळते, म्हणून मिळाली तिथं बोलून घेतात, त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

माझी पाळी आली तेव्हा मागून "ओ मॅडम, आटपा" असा आवाज आला. मी फक्त तीन मुद्दे घेतले, पूर, ओढा आणि तिवर. तिवरावर मांडवात हशा पिकला, अगदी पुढच्या रांगेतही. अहवाल करणाऱ्या संस्थेचे सल्लागार म्हणाले, छपाईतली चूक आहे. ओढ्यावर म्हणाले, बिंदू नियमानुसार आहेत. पंचनाम्याची नक्कल अध्यक्षांच्या हातात दिल्यावर मात्र त्यांनी ती दोनदा वाचली आणि गट नंबर नकाशावर दाखवायला सांगितलं. सल्लागारांना नकाशा उलगडून शोधायला बराच वेळ लागला. शेवटी इतिवृत्त वाचून दाखवायचा नियम आहे, आणि लोक उठायला लागले तरी आम्ही बसून राहिलो. माझ्या मुद्द्यात 'पूरग्रस्त गट' ऐवजी 'सखल भाग' असं आलं होतं. ते दुरुस्त करून घेतलं.

मग कोरोना आला. मंजुरीआधी प्रकल्प तपासणाऱ्या दिल्लीच्या तज्ज्ञ समितीच्या बैठका व्हिडिओवर व्हायला लागल्या आणि मी पर्यावरण मंजुऱ्यांच्या सरकारी 'परिवेश' पोर्टलवर कार्यसूची बघत बसायचे. अंतिम अहवालात आमच्या हरकतींचा तक्ता होता. ओढ्यासमोर 'काळजी घेतली जाईल'. तिवर गुपचूप गायब. समितीनं मात्र प्रस्ताव लगेच मंजूर न करता पुढं ढकलला. बैठकीच्या इतिवृत्तात कारण स्पष्ट होतं, पाटबंधारे विभागाकडून यार्डाच्या जागेची निळी आणि लाल पूररेषा आखून आणा. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. जागा लाल रेषेच्या आत निघाली. यार्ड वर माळावर गेलं, अस्तर आणि सभोवती चर घालायची अट पडली, भूजलासाठी निरीक्षण विहिरी घ्यायची अट पडली. ओढ्याचं तोंड तपासायची मागणी कुठंच उतरली नाही.

मंजुरीवर हरित लवादाकडं ३० दिवसांत अपील करता येतं, खंडपीठ पुण्यातच आहे. ओढ्यासाठी जावं का, यावर घरात वाद झाला. वकिलाचा खर्च आणि गावातला वाईटपणा बघून आम्ही गेलो नाही. मला अजूनही वाटतं जायला हवं होतं, मामंजींना वाटतं यार्ड हललं ते पुष्कळ झालं.

हे सगळं झालं कारण सुनावणी झाली. २०२१ मध्ये नियम बदलले. पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलसाठी क्षमता वाढवायची असेल आणि आधीची मंजुरी हातात असेल, तर काही अटींवर प्रकल्प 'ब-२' गटात जातो, आणि त्या गटाला जनसुनावणी नसते. आमच्या कारखान्याचाही विस्ताराचा विचार चाललाय असं कानावर येतं. तो आला तर पंचनामा घेऊन कुणापुढं उभं राहायचं?

सध्या माझ्या हातात आहे तो सहामाही अनुपालन अहवाल. प्रत्येक प्रकल्पानं १ जून आणि १ डिसेंबरला अटी कशा पाळल्या ते कळवायचं असतं आणि ते लोकांना बघता येतं. गावातली दोन पोरं आता हे वाचायला शिकली आहेत, त्यातलं एक माझ्याच कॉलेजचं. गेल्या वेळच्या अहवालात निरीक्षण विहिरींचे आकडे त्याआधीच्या सहामाहीशी जुळले, अगदी दशांश चिन्हानंतरच्या अंकांसकट. जूनचं आणि डिसेंबरचं भूजल हुबेहूब सारखं कसं, असं पत्र आम्ही पान नंबर टाकून पाठवलंय. त्याबरोबर एक मागणीही जोडली आहे, पुढचे नमुने घेताना ग्रामपंचायतीचा माणूस हजर ठेवावा आणि एक नमुना ओढ्याच्या तोंडावर घ्यावा. उत्तर अजून आलेलं नाही.