आमची वाटचाल : एका आयसीपायी

उद्यमनगरात आमच्या शेडला डावीकडं वेल्डिंगचं दुकान आणि उजवीकडं दोन लेथ. असल्या जागी बसून स्नायूंमधला विजेचा सिग्नल मोजायचं यंत्र करायचं म्हणजे जत्रेतल्या लाउडस्पीकरखाली उभं राहून घड्याळाची टिकटिक ऐकायची. पण भाडं परवडत होतं ते इथलंच.

त्याआधी आम्ही फाउंड्र्यांना टायमर आणि कंट्रोल पॅनेल करून द्यायचो. कामाला तोटा नव्हता, पैसे मात्र तीन-तीन महिन्यांनी यायचे. माझा मामेभाऊ फिजिओथेरपी शिकून आला आणि जेवताना म्हणाला, "दादा, पेशंट हात आवळतो तेव्हा स्नायू किती काम करतोय ते पोरांना दिसलं पाहिजे. आमच्याकडं एकच मशीन, तेही कपाटात कुलपात." मला वाटलं, त्यात काय, एक अँप्लिफायरच तर करायचा. तिथं फसलो.

कातडीवर इलेक्ट्रोड लावून मिळणारा हा सिग्नल फार तर काही मिलिव्होल्ट, बऱ्याचदा त्याहूनही कमी. कामाची माहिती साधारण 20 ते 450 हर्ट्झमध्ये. आणि आपल्या भिंतीतली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे नेमकी त्याच पट्ट्यात. ती गाळून टाकायला नॉच फिल्टर, म्हणजे तेवढीच फ्रिक्वेन्सी कापणारा, लावा, असं सगळे सांगतात. पण त्याच्या आसपासच स्नायूचाही बराच जोर असतो, म्हणजे चोराबरोबर घरमालकालाही बाहेर काढल्यासारखं. मला तो मार्ग कधी पटला नाही. दोन्ही इलेक्ट्रोडवर सारखाच आलेला गोंगाट आयसीनं, म्हणजे अँप्लिफायरच्या चिपनं, पहिल्याच पायरीवर मारला पाहिजे.

पहिला बोर्ड टीएल084 (एका चिपमध्ये चार ऑपअँप, म्हणजे साधे अँप्लिफायर) आणि एक टक्क्याचे रेझिस्टर वापरून केला. तीन ऑपअँपची पुस्तकातली जोडणी, खर्च नगण्य. मीटरवर रेझिस्टर निवडून जोड्या लावण्यात आमचे रविवार गेले. नंतर गणित मांडलं. पहिल्या पायरीचा गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा तो, 10 धरला आणि रेझिस्टर एक टक्क्यानं वाईटात वाईट बाजूला गेले, तर असा सर्किट सामाईक गोंगाट जेमतेम 500 पट दाबतो. अंगावर एक व्होल्ट गोंगाट आला तर दोन मिलिव्होल्ट आत घुसणार, आणि सिग्नल स्वतःच एक मिलिव्होल्ट. मामेभाऊ स्क्रीन बघून म्हणाला, "दादा, हे बायसेप्स नाही, महावितरण आहे."

मग तयार मॉड्यूल आणलं, एडी8232 चं. आयसी चांगला आहे, पण तो हृदयाच्या ठोक्यांसाठी. आमच्या मॉड्यूलवरचे फिल्टर साधारण 40 हर्ट्झच्या वरचं कापणारे. स्नायूचा मोठा भाग तिथंच गेला. ते सर्किट बदलत बसण्यापेक्षा सरळ इन्स्ट्रुमेंटेशन अँप्लिफायर, म्हणजे दोन इनपुटमधला फरकच तेवढा वाढवणारा आयसी, घ्यायचा ठरला, एडी620.

नमुन्याचे चार झकास चालले. मग एका व्यापाऱ्याकडून पन्नास स्वस्तात घेतले, आणि निम्म्या बोर्डांचा गेन जुळेना. डेटाशीटप्रमाणे हा आयसी जास्तीत जास्त 1.3 मिलिअँपिअर घेतो, आमचे दुप्पट पीत होते. थिनरचा बोळा फिरवला तर वरचं छापील नाव पुसलं जाऊन खाली दुसरंच काहीतरी. व्यापारी म्हणाला, "साहेब, माल जसा आला तसा दिला." सगळा डबा अजून कपाटात आहे. नव्या पोरांना दाखवतो.

तेव्हा आयएनए128 कडं वळलो. मूळ बर-ब्राउनचा, ती कंपनी 2000 साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं घेतली. पायांची जुळणी एडी620 सारखीच, त्यामुळे छापून ठेवलेले पीसीबी वाया गेले नाहीत. गेनचा 5.6 किलोओहमचा रेझिस्टरही तोच ठेवला. आधी 9.8 यायचा, आता 9.9. गेन 10 ला हा सामाईक गोंगाट किमान 100 डेसिबल दाबतो, म्हणजे एक लाख पट. आता खरेदी फक्त अधिकृत वितरकाकडून, दोन पैसे जास्त गेले तरी.

कॉलेजची पोरं विचारतात, पहिल्याच पायरीवर हजार गेन का नाही घेत? कारण इलेक्ट्रोड आणि कातडी मिळून स्वतःचाच डीसी व्होल्टेज तयार होतो, 300 मिलिव्होल्टपर्यंत धरून चालावं लागतं. त्याला शंभरनं गुणलं तरी 30 व्होल्ट, आणि आमच्याकडं नऊ-नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. आयसी एका टोकाला जाऊन चिकटतो आणि स्क्रीनवर सरळ रेघ. म्हणून आधी गेन 10, मग 20 हर्ट्झच्या खालचं आणि हा डीसी अडवणारा हायपास फिल्टर, मग गेन 100.

पहिली खरी चाचणी शेजारच्या तालमीतल्या एका पैलवानावर झाली. मेहनत करून थेट आला, कोपरापर्यंत लाल माती आणि तेल. इलेक्ट्रोड चिकटेचना. स्पिरिटनं पुसलं, केस काढले, दोन इलेक्ट्रोड स्नायूवर आणि संदर्भासाठी एक कोपराच्या हाडावर लावला. लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवला, कारण माणसाला जोडलेलं काहीही भिंतीतल्या विजेला जोडायचं नाही, हा आमचा नियम. तरी त्यानं विचारलंच, "करंट बिरंट देणार न्हाईसा नव्हं?"

"नाही पैलवान, आम्ही फक्त ऐकणार."

त्यानं मूठ आवळली आणि रेघ एकदम जाड झाली, मका भाजताना फुटावा तशी. सोडली की पुन्हा बारीक. शेजारच्या वेल्डिंगवाल्या मामांना मी आधीच हात जोडून दहा मिनिटं थांबायला सांगितलं होतं. आता उलटं आहे. त्यांचं वेल्डिंग चालू असल्याशिवाय आम्ही बोर्ड पास करत नाही.

आमचा किट आम्ही लॅबमध्ये शिकवण्यासाठी म्हणूनच विकतो. रोगनिदानाचं उपकरण म्हणायचं तर 2017 चे मेडिकल डिव्हाइस रूल्स आहेत, आणि तेवढी कागदपत्रं, तेवढ्या चाचण्या चार माणसांच्या शेडला झेपत नाहीत. त्यात कमीपणा वाटत नाही.

सध्या टेबलावर आयएनए333 हा त्याच जातीचा आयसी आहे. 50 मायक्रोअँपिअरवर चालतो, आयएनए128 ला 700 लागतात. मोबाइलसारख्या एका सेलवर सगळा किट बसेल. याचा स्वतःचा गोंगाट कागदावर सहापट आहे, पण आमच्या पट्ट्यात तो जेमतेम एक मायक्रोव्होल्ट भरतो, चालतं. अडचण जुनीच आहे. 3.3 व्होल्टमध्ये मधोमध 1.65, तेवढीच जागा वर आणि खाली, आणि 300 मिलिव्होल्टला दहानं गुणलं की 3 व्होल्ट, म्हणजे ते सामावायला पहिला गेन 10 वरून 5 वर आणावा लागला. मामेभाऊ म्हणतो, "मग पुढं 200 घे की." घेतलाय. सोमवारी मामा वेल्डिंगला बसले की बघू.