जीपीएसमुळे बॅटरी उतरते? आधी इग्निशनची वायर बघा

जीपीएस ट्रॅकर बसवला की बॅटरी उतरणारच, असं धरून चालू नका. नीट जोडलेला ट्रॅकर गाडी बंद असताना झोपतो आणि 5 ते 10 मिलिअँपिअरच खातो. जागा राहिला तर 50-80. गाडीचे स्वतःचे 20-30 धरले, तर दिवसाला 1.7 ते 2.6 अँपिअर-अवर जातात. 35 अँपिअर-अवरची बॅटरी आठवड्या-दीड आठवड्यातच अर्ध्यावर येते, आणि जुनी असेल तर तिथेच सेल्फ दम तोडतो. मालक पुण्याला आणि गाडी निपाणीत किंवा खानापुरात दारात उभी, अशा ठिकाणी हे हमखास होतं.

बहुतेक वेळा चूक जोडणीत असते. ट्रॅकरच्या तीन मुख्य वायरी असतात: कायम 12 व्होल्ट, अर्थ आणि इग्निशन (चावी फिरवल्यावरच सप्लाय येणारी). रंगांवर जाऊ नका, कंपनीगणिक बदलतात. घाईत बसवणारा इग्निशनची वायर कायम सप्लायलाच पिळून टाकतो. मग ट्रॅकरला गाडी सदा चालूच वाटते आणि तो दर 10-20 सेकंदांनी लोकेशन पाठवत बसतो. चावी काढून त्या वायरीवर मल्टिमीटर लावा: शून्य यायला हवं. चावी चालू केली, सेल्फ मारला, तरी तिथला सप्लाय तुटता कामा नये.

ट्रॅकरवरून इंजिन बंद पाडायचा रिले (विजेवर चालणारा स्विच) असेल तर तोही बघाच. त्याची कॉइल एकटीच 140 मिलिअँपिअरच्या आसपास खाते. जोडणी रिलेच्या 30 आणि 87ए या पिनांवर हवी, म्हणजे एरवी कॉइलला सप्लाय लागत नाही. 87 वर जोडली असेल तर गाडी चालायला कॉइल कायम ओढलेली ठेवावी लागते. रिलेला हात लावून बघा; गाडी तासभर बंद असूनही तो कोमट लागला, तर चोर सापडला.

मोजणी अशी: बॉनेट उघडं ठेवून त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरने बसवा, दारं लॉक करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून मीटर 10 अँपिअरवर ठेवून वायर आणि टर्मिनलच्या मधे जोडा. अर्धा तास थांबा. या वेळात दार उघडू नका, सेल्फ तर मुळीच मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. आकडा 50 मिलिअँपिअरच्या वर असेल तर ट्रॅकरचा फ्यूज काढा आणि आकडा किती उतरला ते बघा. फ्यूजच नसेल तर 1-2 अँपिअरचा आजच घाला. बिनफ्यूजची वायर घासली तर आग लागते. ट्रॅकरच्या आतली बॅटरी चार्ज होत असतानाही आकडा जास्त दिसतो, म्हणून आदल्या दिवशी गाडी फिरवून घ्या.

जोडणी बरोबर असूनही ट्रॅकर झोपत नसेल तर गाडी कुठे उभी असते ते बघा. जांबोटी-कणकुंबीच्या जंगलात रेंज येते-जाते, ट्रॅकरमधला मोडेम नेटवर्क शोधत जास्त करंट ओढतो. हायवेलगत जड गाड्यांच्या हादऱ्याने ट्रॅकरमधला हालचाल ओळखणारा सेन्सर जागा होतो. त्याची संवेदनशीलता सेटिंगमध्ये कमी करून घ्या. पिवळ्या पाटीच्या (भाड्याच्या) गाडीतलं सक्तीचं ट्रॅकिंग यंत्र मात्र स्वतः उपसू नका, अधिकृत फिटरकडूनच तपासा.

दुरुस्तीनंतर बाजारापर्यंत एक फेरी मारून बॅटरी भरत नाही. चार्जरला 3-4 अँपिअरवर रात्रभर लावा, काढल्यावर काही तास तशीच ठेवून मोजा: 12.6 व्होल्ट हवेत. 12.2 च्या खाली घसरत असेल तर ती बदलायलाच आली आहे.